एका फायलीतले दोघे

तिला सगळे अपीलमावशी म्हणायचे. त्यात तिच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे, काठी टेकत येणारे माजी सैनिकही असायचे. "मावशी, जरा बघता का?" असं ते म्हणाले की ती म्हणायची, "बघते हो भाचेबुवा, आधी बसा तरी."

एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड-रूममध्ये तिची तेहतीस वर्षं गेली होती. औषधवालाही ज्या अक्षरापुढे हात टेकेल, ते ती पेपर वाचावा तसं वाचायची. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, लढाईतून छातीचं दुखणं घेऊन परत आला तेव्हा एका हरवलेल्या कागदापायी त्याचा अर्ज फेटाळला गेला. हिने दोन वर्षं पिच्छा पुरवून तो कागद शोधला आणि अपील जिंकलं. त्याचा बोभाटा झाला. निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांच्या संघटनेने तिला जिन्याखालची एक खोली दिली. एक टेबल, तीन खुर्च्या, लोखंडी कपाट आणि सतत गुणगुणणारी एक ट्यूबलाइट. उपचारांचे आणि अपंगत्वाचे फेटाळलेले अर्ज घेऊन माणसं तिथे यायची. ती कागद लावून द्यायची, अपील लिहायची आणि सुनावणीला बरोबर जायची. लग्न केलं नव्हतं. दादा म्हणायचा, "हिचं लग्न फायलींशी लागलंय, आणि फायली उलटून बोलत नाहीत म्हणून टिकलंय."

अशाच एका सकाळी एक बुटका, नीटनेटका माणूस आला. खुर्ची उचलून तिरकी ठेवली आणि उजवा कान तिच्याकडे करून बसला. पलटणीत बिनतारी यंत्रावर होता, म्हणून सगळे त्याला बिनतारीच म्हणत.

"डावा कान संपलाय मावशी. उजवाही आता जायला लागलाय. बायको म्हणते, अजून किती वर्षं तुमच्यापुढे ओरडू? तिने ढकललं म्हणून आलो."

"नकार कितीदा आला?"

"दोनदा. आता शेवटचं अपील."

तिने निकालपत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराची इजा रजेवरून परततानाच्या अपघातातली आहे, सेवेतली नाही. आणि त्यानंतर वीस वर्षांनी बंदराच्या गावातल्या सैनिकी दवाखान्यात झालेल्या तपासणीत त्याचे दोन्ही कान निर्दोष आढळले आहेत.

"रजेवर होतात?"

"नाही. चौकीवरच होतो. तोफगोळा पडला, खंदक खचला, आत गाडला गेलो."

"आणि हा दवाखाना?"

"त्या गावाचं तोंडही पाहिलेलं नाही मी."

असं म्हणणारे तिने पुष्कळ पाहिले होते. विसरलेले, घाबरलेले, थोडं मीठमसाला लावून सांगणारे. पण हा माणूस बाजू मांडत नव्हता. विचारलं तेवढंच सांगत होता, आणि सांगून झाल्यावर दाराकडे बघत होता.

तिने अर्ज करून पूर्ण फाईल मागवली. दीड महिन्यांनी आली ती उशीएवढी जाड. भर दुपारी, खोलीचं दार उघडं टाकून ती वाचायला बसली. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. पहिली तीस पानं सरळ होती. भरतीच्या वेळची उंची एकशे त्रेसष्ट सेंटीमीटर. डोळे ठीक, दात ठीक, पोटावर व्रण नाही.

मग दवाखान्याचे कागद सुरू झाले. बंदराच्या गावी दहा वर्षांत नऊ भेटी, सगळ्या गुरुवारच्या. नाव बिनतारीचं, सेवाक्रमांक बिनतारीचा. उंची एकशे चौऱ्याहत्तर.

तिने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. माणूस म्हातारपणी खुजा होतो हे तिने हजार केसपेपरांवर पाहिलं होतं. अकरा सेंटीमीटर वाढलेला कुणी पाहिला नव्हता. पुढे होतं: उजव्या बाजूला ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा जुना व्रण. कान दोन्ही उत्तम.

म्हणजे फायलीत दोन देह होते. अदलाबदल झालेले कागद तिने रेकॉर्ड-रूममध्ये खूप निस्तरले होते, त्यामुळे इथवर तिला काही वाटलं नाही. मग ती डॉक्टरांचे शेरे वाचू लागली.

पहिली भेट: 'झोप नाही. तोंडात माती असल्याची तक्रार. तपासणीत तोंड स्वच्छ.'

तिसरी भेट: 'रुग्ण स्वतःविषयी बोलताना "तो" म्हणतो. विचारल्यावर म्हणाला, तो आत राहिला, मी बाहेर राहिलो.'

पाचवी भेट: 'पडल्या पडल्या श्वास मोजतो. सहा ऐकू यायला हवेत, पाचच येतात म्हणतो. सहावा कुठे गेला असं मलाच विचारलं.'

व्हरांड्यातला पंप थांबला होता. ट्यूबलाइटची गुणगुण एकदम मोठी वाटली, आणि मावशीच्या लक्षात आलं की आपण मान वळवून मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतोय. तिथे कुणी नव्हतं. पण गाडला गेलो म्हणणाऱ्या बिनतारीने मातीचा म सुद्धा काढला नव्हता. त्याचं आपलं एकच, ऐकू येत नाही. आणि हा कोण होता, ज्याचे कान धडधाकट होते आणि तोंडात दुसऱ्याची माती होती?

सातव्या भेटीच्या फॉर्मवर रुग्णाने स्वतः एक रकाना भरला होता. 'जवळचे नातेवाईक' असं छापलेलं होतं. त्यापुढे एका बाईचं नाव, गल्ली, घर क्रमांक. आणि 'रुग्णाशी नाते' या शब्दांपुढे, सुरेख ठळक अक्षरात: विधवा.

मावशीने फाईल मिटली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि मग ते ओढूनही बघितलं.

घरी दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ खोकला नाही. म्हणाला, "रकाना चुकला असेल."

"अक्षर बघ ना दादा. चुकणाऱ्याचं नाहीये. शांतपणे लिहिलंय."

"मग त्याने खरं तेच लिहिलं असेल. तू त्या बाईचं नाव बिनतारीला विचार. आणि माझ्यासमोर नको वाचूस हे आता. जेवायचंय मला."

दुसऱ्या दिवशी तिने बिनतारीच्या उजव्या कानाशी वाकून ते नाव उच्चारलं. टेबलाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली.

"वहिनी," तो म्हणाला. "लंब्याची बायको. मावशी, अपील मागे घ्या. आत्ताच्या आत्ता."

"घेते. पण आधी सांगा."

एकतीस वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्याने अर्ध्या तासात सांगितली. चौकीवर सात जण होते. रजा बिनतारीची मंजूर झाली होती, पण तेव्हा घरी त्याचं कुणी नव्हतं. लंब्याचं नवं लग्न झालेलं, बायकोची पत्रं छातीशी धरून झोपायचा. बिनतारीने आपला रजेचा पास आणि ओळखपत्र त्याच्या खिशात घातलं आणि म्हणाला, "जा, तोंड दाखवून ये. नाक्यावर कोण चेहरा बघतंय?" आठ तारखेला संध्याकाळी लंब्या निघाला. नऊ तारखेला गोळा पडला.

"कागदावर सहा जण चौकीत, सातवा, म्हणजे मी, रजेवर. चौकी भुईसपाट. वरच्यांनी यादी बघितली, सहाच्या सहा मेले असं लिहिलं. माती कोण उपसतो? मला दोन दिवसांनी दुसऱ्याच पलटणीच्या लोकांनी बाहेर काढलं. अंगावर ओळखीचं काही नाही, तोंडातून शब्द नाही. तीन आठवड्यांनी नाव सांगितलं तर म्हणाले, तुम्ही तर रजेवर होता, वाटेत अपघात झाला असणार. आणि ते तेवढ्यावरच राहिलं."

"तुम्ही का नाही बोललात?"

"पास देणं गुन्हा होता. पहिले काही दिवस भीती. वाटलं, लंब्या येईल, दोघं मिळून सांगू. तो आलाच नाही. मग बोललो असतो तर काय झालं असतं? तो लढाईत कामी आलेला, त्याच्या बायकोला पेन्शन, मान. मी तोंड उघडलं की तो पळपुटा आणि ती पळपुट्याची बायको. कान गेला तर गेला."

"तो पळाला असं वाटतं तुम्हाला?"

"एकतीस वर्षं तेच वाटून घेतलंय." मावशीने दवाखान्यातला पहिल्या भेटीचा शेरा त्याच्या कानाशी वाचला. "तोंडात माती म्हणतो का तो?"

मावशीने मान हलवली.

"मला कधीच नाही वाटली," बिनतारी म्हणाला. "मला काही आठवतच नाही त्यातलं. एकदाही स्वप्न पडलं नाही. मला नेहमी वाटायचं, एवढं सगळं गेलं कुठे?"

अपील मागे घेण्याचा कागद तिने लिहिला नाही. फाडलाही नाही, कारण लिहिलाच नव्हता. ती एवढंच म्हणाली, "हे ठरवायचा हक्क तिसऱ्या माणसाचाही आहे." चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. "चला," म्हणाला.

त्या पत्त्यावर एक चिंचोळं दुकान होतं. दोरे, बटणं, चेन, कपडे अल्टर करून मिळतील. मशीनवर बसलेल्या बाईने मान वर केली, बिनतारीकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "भावजी ना? लग्नाच्या फोटोत आहात तुम्ही. यंत्रवाले."

त्याला नीट ऐकू आलं नाही. मावशीने मोठ्याने सांगितलं. मग जे सांगायला आले होते तेही, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेऊन, मोठ्यानेच सांगावं लागलं. वहिनींनी मशीनवरचा कपडा सोडला नाही. सगळं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला, आणि म्हणाल्या,

"तो आला होता."

"कधी?"

"अकरा तारखेला, दुपारी. दोन दिवस राहिला. दाराची कडी सैल होती ती बसवून दिली. तेराला सकाळी गेला. चौदाला तार आली, नऊ तारखेला गेला म्हणून."

अर्ध्या शटरखालून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय जाताना दिसत होते.

"मी सगळ्यांना सांगितलं, अहो तो अकराला माझ्यासमोर जेवलाय. लोक डोक्यावरून हात फिरवायचे. म्हणायचे, मेलेलं माणूस निरोप घ्यायला येतं पोरी, जीव अडकलेला असतो. किती दिवस भांडणार? तार सरकारी होती. शेवटी मीच आठवायला लागले. त्याचे हात गार होते का? जेवला की नुसता बसला होता? आठवून आठवून मीच त्याला भूत केलं."

"आणि वहिनी..." बिनतारी पुटपुटला.

"आणि दहाव्या महिन्यात मुलगी झाली. सासूबाईंनी पाळण्यात वाकूनसुद्धा बघितलं नाही. मेलेल्याला कुठे मुलं होतात? काही म्हणायचे, दुसऱ्या कुणाची. काही जण तर तिला हात लावायला घाबरायचे. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे."

मावशीने पिशवीतून फॉर्मची नक्कल काढून पुढे धरली. वहिनींनी आपलं नाव वाचलं. पत्ता वाचला. मग पुढचा शब्द. त्यांचा अंगठा त्या अक्षरांवरून असा फिरला जणू शिवण कुठे उसवलीये ते त्या बघत होत्या.

"त्याचंच अक्षर," त्या म्हणाल्या. आणि मग, इतका वेळ नव्हता तो राग एकदम आला. "मेलेला होता तोवर मी त्याला माफ केलं होतं हो! आता काय करू? चार वर्षांपूर्वी हा माझा घर क्रमांक लिहितो, आणि येत नाही?"

बिनतारी उठला. "आम्ही मागे घेतो, वहिनी. कुणाला काही कळणार नाही."

"बसा भावजी. तुमचा कान तुम्ही माझ्यासाठी घालवलात, ते मला विचारून नव्हे. आता मी विचारल्याशिवाय काही मागे घ्यायचं नाही."

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघे बसले होते. अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. मावशीने कागद क्रमाने मांडले: दोन उंच्या, दोन पोटं, दोन कान. मग छावणीच्या नाक्यावरची नोंदवही. ती मिळवायला तिला चार पत्रं लागली होती. सोळा तारखेला बिनतारीचा पास परत आल्याचा शिक्का होता, तेव्हा खरा बिनतारी इस्पितळात अनोळखी म्हणून पडलेला. नोंदीसमोर नाक्यावरच्या कारकुनाने शेरा मारला होता: 'चौकी नष्ट झाल्याचे सांगितले. मृतांची यादी वाचायला मागितली. वाचून बाहेर गेला.'

एका सदस्याने तो शेरा मोठ्याने वाचला. यादीत लंब्याचं नाव होतं. खिशात बिनतारीचा पास होता. बिनतारी चौकीतच मेला असेल अशी लंब्याची खात्रीच झाली असणार. आपलं मेलेलं नाव वाचून, मेलेल्या मित्राचं नाव खिशात घेऊन तो माणूस दारातून बाहेर पडला होता, आणि त्यापुढे वीस वर्षं कुठल्याच कागदावर नव्हता.

अध्यक्षबाई वहिनींना म्हणाल्या, "तुमची साक्ष नोंदवून घेतली तर तुमच्या स्वतःच्या पेन्शनवर प्रश्न येऊ शकतो. कल्पना आहे ना?"

"आहे."

"तरी?"

"माझी मुलगी भुताची नाही, एवढं कुठेतरी सरकारी कागदावर पाहिजे मला."

निकाल सात आठवड्यांनी आला. अपील मान्य. अर्जदार घटनेच्या दिवशी चौकीवर हजर होता. श्रवणदोष सेवेमुळेच, उपचारांचा आणि अपंगत्वाचा पूर्ण हक्क मान्य. बंदराच्या गावातल्या नोंदी त्याच्या नसल्यामुळे त्याच्या क्रमांकावरून काढून टाकाव्यात. दुसरी व्यक्ती कोण, हा प्रश्न मंडळापुढे नसल्याने त्यावर मंडळ काही बोलत नाही. वहिनींची साक्ष मात्र शब्दशः उतरवली होती, अकरा तारखेपासून कडीपर्यंत.

बिनतारीला कानाचं यंत्र बसलं. पहिल्याच दिवशी तो खोलीत आला, ट्यूबलाइटकडे बघून म्हणाला, "ही एवढी ओरडते? आणि तुम्ही दिवसभर इथे बसता?" मावशी मनापासून हसली. पण तो हळूच पुढे म्हणाला, "मावशी, यंत्र बसल्यापासून पडलो की श्वास ऐकू येतो. आधी वाटलं बायकोचा. मग मोजायला लागलो."

"किती येतात?"

"नको विचारू," तो म्हणाला. तिच्याशी तो आधी कधीच एकेरीत बोलला नव्हता.

त्याच आठवड्यात वहिनी आल्या. बंदराच्या गावी जायचं होतं त्यांना. एकटीला धीर होत नव्हता. गुरुवार पाहून दोघी निघाल्या, सकाळची बस, साडेचार तासांचा रस्ता. दवाखाना लहानसा होता, फिनेलचा वास, भिंतीला लागून बाकं. खिडकीमागच्या कारकुनाला मावशीने नाव आणि क्रमांक सांगितला तेव्हा त्याने भुवया उंचावल्या.

"ते ना? गेल्याच्या गेल्या गुरुवारी आले होते. उंच, पांढरे केस. मी क्रमांक टाकला तर कॉम्प्युटर म्हणतो, ही व्यक्ती दुसरीकडे उपचार घेते, इथल्या नोंदी रद्द. त्यांना म्हटलं, आजोबा, हा क्रमांक तुमचा नाही असं येतंय."

"मग?"

"मला वाटलं ओरडतील. सगळे ओरडतात. ते खिडकीवर वाकले आणि विचारलं, तो जिवंत आहे? मी म्हटलं, कोण? क्रमांकवाला, म्हणाले. म्हटलं, असणार, नवीन यंत्र मंजूर झालंय कानाचं. तर हसले हो. इतके हसले की डोळ्यांत पाणी. म्हणाले, मग झालं. ओळखपत्र खिडकीत ठेवलं आणि गेले. तुम्ही घेता का? कुणाला पाठवायचं ते मला कळत नव्हतं."

त्याने ड्रॉवरमधून कार्ड काढून दिलं. कडा झिजून मऊ झालेल्या, फोटो पुसून गेलेला. चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळट डाग, कुणाचाही असू शकेल असा.

'नोंदी काढून टाकाव्यात' हे वाक्य मावशीचं होतं. अपिलात तिनेच लिहिलं होतं, मंडळाने तसंच्या तसं उचललं. एका माणसाला त्याचं आयुष्य परत मिळवून देताना दुसऱ्याकडचं उसनं नावही आपण काढून घेतलं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

वहिनींनी कारकुनाला विचारलं, "कुठे बसायचे ते?" त्याने कोपऱ्यातलं बाक दाखवलं. त्या तिथे बसल्या नाहीत. समोरच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन, नीट सरळ बसल्या. माणसं आली, नावं पुकारली गेली, माणसं गेली. कोपऱ्यातल्या बाकावर दिवसभरात कुणीही बसलं नाही, गर्दी असूनसुद्धा. एक म्हातारा बसायला वाकला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उभा राहिला.

पाच वाजता शिपाई खिडक्या लावू लागला. वहिनी उठल्या. कोपऱ्यातल्या बाकाकडे बघून घरच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "मुलगी तुझ्यावर गेलीये. उंच आहे. दुकान आठ वाजेपर्यंत उघडं असतं."

बसमध्ये वहिनी खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही ती फाईल सगळी वाचलीत ना? त्याला चष्मा लागला होता का हो?"

"लागला होता. सहाव्या भेटीपासून."

"जवळचा की लांबचा?"

"जवळचा. दाढा दोन काढल्या होत्या. वजन चौसष्ट. गुडघा दुखायचा, पण गोळ्या नको म्हणाला होता."

"गोळ्या नकोच असायच्या त्याला," वहिनी म्हणाल्या. "अजून सांगा."

मावशी सांगत राहिली. नऊ भेटींमधलं जे जे आठवलं ते सगळं. श्वासांचं तेवढं सांगितलं नाही.